पानाच्या डब्यातला बीकन

लालबाग, १२ जानेवारी

चि. राजेश यास,

आधी ओळख सांगते, नाहीतर म्हणशील ही कोण बाई पत्र पाठवते. मी सुभद्रा. तुझी आई. लालबागला राहते, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत. तू ह्याच खोलीत चालायला शिकलास, तेही उशिरा. तुमच्या ओमानात, त्या सलालात, बदाम स्वस्त असतात असं तूच सांगायचास. मग मूठभर खात जा बाबा. विसरायचं वय माझं आहे, तुझं नाही.

लिहिते आहे मॉड. बाबांच्या दोस्ताची, दादरच्या कायतान अंकलची बायको, शाळेत मराठी शिकवायची ती. मला अक्षर येत नाही हे तरी लक्षात असेल, कारण नापास झालास की प्रगतिपुस्तकावर माझा अंगठा घ्यायचास आणि बापाला दाखवायचं टाळायचास. मॉड ह्या कागदांचे फोटो काढून तुझ्या फोनवर टाकते. निळ्या खुणा उमटल्या की तू वाचलंस असं समजायचं म्हणे. फोन तू उचलत नाहीस. पत्र उचलावं लागत नाही, म्हणून हा उद्योग.

बाबा दिवाळीनंतर पडले ते तुला कळवलं होतं. पुढचं ऐक. उजवा हात, उजवा पाय अजून तसाच आहे. नाकात नळी आहे. मी वरण गाळते, त्यात पेजेचं पाणी घालते आणि नळीतून सोडते. दिवसातून बऱ्याच वेळा. आधी चादरीवर सांडायचं, आता सांडत नाही. कुंडीला पाणी घालावं तसं घालते. मॉड म्हणते, असं लिहू नये. लिही गं.

डॉक्टर म्हणतो जीभ फिरते आहे, घसाही सुधारला आहे, मनावर घेतलं तर बोलतील आणि तोंडाने खातीलही. पण ते मनावर घेत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडतात. डॉक्टर म्हणाला, असंच राहिलं तर पोटाला भोक पाडून नळी कायमची घालावी लागेल. महिनाभर वाट बघू म्हणाला. मी बरं म्हटलं. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. घरी येऊन कांदा चिरला, तेव्हाही आलं नाही.

तुला ये म्हणत नाही. आठ वर्षांपूर्वी आम्ही शिमग्याला गावी गेलो आणि तू मागे गच्चीवरचा त्यांचा जगभर बोलायच्या रेडिओचा खांब उतरवलास, तारा गुंडाळून माळ्यावर टाकल्यास. सत्तरीचा माणूस खांबावर चढतो, एक दिवस पडेल, म्हणून काढलास. मला पटलं होतं. त्यांनी परत आल्यावर वर आभाळाकडे बघितलं, खाली येऊन जेवले आणि तुझ्याशी बोलायचे बंद झाले ते झालेच. तूही त्यांचाच मुलगा. आणि पडायचं म्हणशील तर ते शेवटी पडले मोरीत. सपाट लादीवर, पाय धुताना.

आता कामाचं. पडायच्या आधी ते एक पेटी करत होते. पेटी म्हणजे माझा पानाचा डबा. न विचारता घेतला, भोकं पाडली. आत त्यांचं सामान भरलंय. कायतान म्हणतो हा बीकन आहे. समुद्रात दिवा असतो ना, बोटींना दिसावा म्हणून, तसा, पण उजेडाऐवजी आवाजाचा. ताकद म्हणशील तर देवापुढच्या लाल बल्बाएवढीसुद्धा नाही. तो आपलं नाव सांगतो, थांबतो, पुन्हा नाव सांगतो. समोरच्याचं काही ऐकून घेत नाही. मी म्हटलं, कायतान, ह्याला पेटी कशाला पाहिजे होती, हा तर घरात चालताबोलता होताच.

राहिलेलं काम कायतान पुरं करणार आहे. त्याच्याकडेही ह्या रेडिओचं लायसन आहे. तू एवढंच कर. तुझा छोटा रेडिओ काढ. बेसनाच्या लाडवांच्या डब्याखाली मीच बांधून दिला होता, बाबांना माहीत नाही. माहीत असेलही. कुठे लावायचा तो आकडा मॉडने खाली लिहिला आहे. ऐकू आलं का तेवढं कळव.

माझ्या नातीला, ओवीला, माझे पापे. उंची कळव तिची.

आई


लालबाग, १५ जानेवारी

चि. राजेश,

निळ्या खुणा उमटल्या. म्हणजे डोळे शाबूत आहेत तुझे.

काल संक्रांत झाली. बाबांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हटलं, घ्या, गोड बोला. ते गोडही बोलले नाहीत आणि कडूही. तिळगूळ मीच खाल्ला.

संध्याकाळी कायतान मॉडला घेऊन आला. पलंगाजवळ स्टूल ओढलं, डबा त्यावर ठेवला. म्हणाला, "काय रे जयवंता, चालू करू काय? बोल की. नाही बोललास तर मी माझ्या मनाने करीन आणि तुझ्या डब्याचा धूर काढीन." हे भिंतीकडे तोंड करून.

डब्याला आधी तार लावायची नसते म्हणे. आधी एक काडेपेटीएवढी डबी लावतात, तिला डमी म्हणतात. डब्यातून निघालं ते सगळं ती डबी गिळते आणि आवाज खोलीबाहेर जात नाही. खोलीत शेजारी रेडिओ ठेवला तर तेवढा ऐकू येतो. बाहेरच्या जगाला त्रास न देता आपलं काम नीट आहे का बघायचं. मी म्हटलं, ह्या घरात तीच पद्धत आहे.

कायतानने बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. काहीच नाही. मॉडला म्हणाला, चहा टाक. मॉड म्हणाली, हे माझं घर नाही, तूच टाक. तेवढ्यात रेडिओतून त्यांची ती मोर्सची भाषा आली. टी टी टी टां. तुला माहीत आहे मला अ कळत नाही आणि ब कळत नाही. पण चाळीस वर्षं भाकऱ्या थापताना पाठीमागे तेच ऐकलं आहे. ते नाव होतं ह्यांचं. मी भाकरी थापत नव्हते तरी हात तसा हलला.

ह्यांनी मान वळवली. फक्त मान. डब्याकडे बघितलं, डमीकडे बघितलं आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

कायतान म्हणाला, "बघितलंस सुभद्रा? त्याला डमी नको. त्याला बाहेर जायचंय."

मला एवढं काही दिसलं नाही. मान वळली एवढंच दिसलं. तुला कळवते.

आई


लालबाग, २८ जानेवारी

चि. राजेश,

तुझं उत्तर नाही. मॉड म्हणते खुणा निळ्याच आहेत. आता मला खुणा नको, राखाडी असल्या तरी चालतील, पण चार शब्द टाक.

तार बांधली. कायतान पंच्याहत्तर वर्षांचा, तो गच्चीवर चढला आणि मॉड खाली उभी राहून ओरडत होती, "कायतान, पडलास तर मी दुसरं लग्न करीन!" पाण्याच्या टाकीपासून तार सुरू होते ती पलीकडच्या कपडे वाळत घालायच्या खांबापर्यंत. खाली आपल्या खिडकीतून एक वायर आत येते, डब्याला लागते. डमी काढून ठेवली.

त्याच संध्याकाळी मॉड दादरला गेली आणि तिने घरच्या रेडिओवर ऐकलं. स्पष्ट. कायतानने पलंगाशी जाऊन सांगितलं, "जयवंता, दादरला पोचलास रे!" ह्यांनी डोळे मिटले. मला कळलं काय म्हणायचं होतं. दादर म्हणजे काय, दादरला तर हाक मारली तरी जाते.

लांब कुठेतरी ऐकू यायला पाहिजे. कायतानने ओळखीच्या लोकांना सांगितलंय, पण कुणाला वेळ नाही, कुणाकडे गोंगाट फार. आणि खरं सांगू का, दुसऱ्या कुणी सांगितलं तर हे मान वळवतील की नाही मला माहीत नाही.

डॉक्टरने परवा पुन्हा बघितलं. चमच्यात पाणी दिलं. ह्यांनी तोंड उघडलं नाही. डॉक्टर म्हणाला, पुढच्या आठवड्यात ठरवू. पोटाला भोक. मी पिशवी उचलली आणि चालत आले. वाटेत मिरची गल्लीत मसाला दळायला टाकला. कोण खाणार आहे, ते विचारू नकोस.

म्हणून आता सांगते. मॉड लिहायला तयार नाही, मी म्हटलं लिही नाहीतर कायतानला सांगते तू त्याच्या मागे साखर खातेस. ऐकू आलं नाही तरी आलं म्हणून कळव. ते चार शब्द कायतान वाचून दाखवेल. खोटं तुला जमतं, अंगठ्याच्या वेळी जमलं होतं.

आई

(मी हे फक्त लिहिलं आहे. माझं मत वेगळं आहे. – मॉड)


लालबाग, ४ फेब्रुवारी

चि. राजेश,

पत्र आलं तुझं. आठ वर्षांत पहिलं आणि तेही एका ओळीचं. "बाबांचा बीकन रविवारी संध्याकाळी सलालात ऐकला. स्वच्छ." मॉडने मला तीनदा वाचून दाखवलं. एका ओळीत आणखी काही सापडतं का ते बघत होते.

आता मी काय केलं ते ऐक आणि हसू नकोस.

शुक्रवारी बाजारातून सुके बोंबील आणले. थोडे ओलसर लागले हाताला. वर गच्चीवर एवढी छान लांब तार रिकामी लोंबकळत होती. मी बोंबील ओवून तिच्यावर टाकले. ऊन कडक होतं. कोकणातल्या बाईला रिकामी दोरी दिसली तर ती काय बघत बसेल? तार आहे, दोरी नाही, हे मला माहीत होतं. पण बोंबलांना ते माहीत असायची गरज नव्हती. मग कावळे आले. पहिले दोन, मग सगळं लालबाग. एकेक बोंबील ओढून नेताना तार टाकीकडच्या गाठीतून सुटली आणि खाली चौकात पडली. तळमजल्यावरच्या अक्षदाच्या अंगणात माझे बोंबील आणि ह्यांची तार. तिने दोन्ही गोळा करून वर आणून दिलं. बोंबील थोडे कमी होते.

कायतानचे गुडघे दुखत होते. म्हणाला, सोमवारी बांधतो. तोपर्यंत जयवंताला आवाज हवा, म्हणून डब्याला पुन्हा ती डमी लावून दिली. म्हणजे शनिवार, रविवार डबा पलंगाशेजारी टी टी करत होता आणि ते सगळं त्या काडेपेटीएवढ्या डबीत जिरत होतं. हे तुला सांगायचं राहून गेलं. नाही, राहून गेलं नाही. तुझं उत्तर यायला नको का?

काल संध्याकाळी कायतान तुझी ओळ घेऊन पलंगाशी बसला. मोठ्याने वाचली. "जयवंता, राजेशने लिहिलंय. तुझा मुलगा. सलाला, ओमान. रविवारी ऐकलं म्हणतोय. स्वच्छ!"

हे भिंतीकडे होते. मान वळली. मग खांदा वळला. डावा हात आला पलंगाच्या कडेला आणि कायतानच्या बाहीला धरून ओढलं. तोंड वाकडं झालं. मला वाटलं पुन्हा काहीतरी झालं, डॉक्टरला बोलवावं लागणार. माझे हात कणकेत होते. मी तशीच उभी राहिले. धुवायचं सुचलं नाही.

आणि ते बोलले.

"खोटा."

कायतान म्हणाला, "काय?"

"खोटा बोलता तो." मग लाळ गळली. मॉडने पुसली. त्यांनी तिचा हात झटकला आणि डोळे माझ्याकडे लावून म्हणाले, "तार खंय होती?"

तीन महिन्यांनी बोललेला माणूस. मला वाटायचं बोलतील तेव्हा माझं नाव घेतील किंवा देवाचं तरी. बोलले ते तारेचं.

मग थांबेनात. शब्द निम्मे कळत होते. निम्मे बोटाने पलंगाच्या लोखंडावर त्याच टी-टांच्या भाषेत ठोकत होते आणि कायतान वाचून सांगत होता. डमीवर होती. सलाला कसलं, जिन्यापर्यंत गेलं नसतं. लहानपणापासून शिकवलंय मेल्याला, ऐकू आलं नाही तर नाही म्हणायचं. एवढं ओरडून घसा सुकला आणि पाण्याकडे बोट केलं. मी चमच्यातून दिलं. गिळलं. पुन्हा बोट केलं. पुन्हा दिलं. मॉड रडत होती आणि कायतान तिला म्हणत होता, रडतेस काय, शिव्या देतोय तो.

तू विचारशील मला आनंद झाला का. झाला असावा. कणीक हातावर वाळली होती, ती रात्रभर निघत होती.

डॉक्टरला आज सांगितलं. भोक पाडायचं पुढे ढकललं. म्हणाला, असंच चालू द्या. मी म्हटलं, शिव्या द्यायला लावू का रोज? हसला. तरणा आहे, हसायला येतं त्याला.

बाबांचा निरोप आहे. ठोकून सांगितला, कायतानने लिहून घेतला, मॉड जसाच्या तसा लिहिते: "तार बांधली आहे. परत ऐक. नसेल येत तर नाही म्हण."

आई


लालबाग, १६ फेब्रुवारी

चि. राजेश,

इतके दिवस रोज संध्याकाळी बाबा कायतानला विचारायचे, "काय म्हणता तो?" आणि कायतान म्हणायचा, "नाही म्हणतो." रोज मॉडच्या फोनवर तुझा एकच शब्द. नाही. आज नाही. आजही नाही. ते ऐकून हे मान हलवायचे, जणू मुलगा पहिला आला. मग पेज मागायचे. मी मनात म्हणायचे, ह्या बापलेकांचं प्रेम म्हणजे नकाराचा धंदा. पण पेज खात होते म्हणून गप्प राहिले.

नळी काढली. मंगळवारी. नाक लाल झालं आहे, त्यावर तूप लावते.

आता परवाचं. पेजेबरोबर काहीतरी तोंडी लावायला पाहिजे म्हणून ओल्या खोबऱ्याची चटणी करायला बसले. तुला माहीत आहे, पलंगाकडच्या भिंतीला एकच प्लग. दुसरा चुलीकडचा, तो ठिणग्या मारतो. मी डब्याची पिन काढली, मिक्सरची घातली, फिरवला. हे ओरडायला लागले. अर्धं तोंड ओरडतं, अर्धं गप्प, त्यामुळे मला नीट ऐकू आलं नाही. चटणी बारीक झाली, मग पिन परत लावली. त्यावर माझी आई, आजी आणि माझं सगळं माहेर निघालं. मी म्हटलं, आवाज छान सुटलाय तुमचा.

काल तू रेडिओवरचं टेप करून पाठवलंस ते आलं. मॉडने फोन त्यांच्या कानाशी धरला. आधी नुसती वाळू ओतल्यासारखी सरसर. बराच वेळ. मला वाटलं बिघडलंय. मग वाळूच्या तळाशी, अगदी तळाशी, टी टी टी टां. विहिरीत कळशी आपटावी एवढंसं. मॉडला ऐकू आलं नाही. कायतान कान लावून बसला, त्याला थोडं आलं. मला आलं. हे डोळे मिटून पडले होते, डाव्या हाताचं बोट चादरीवर हलत होतं.

कायतान म्हणाला, "जयवंता, हे खरं आहे रे." ह्यांनी फोन कानावरून सरकवला. मग म्हणाले, "कशावरून?"

तेव्हा मॉडने तू खाली लिहिलेलं वाचलं. "फार क्षीण आहे, पण आहे. मध्ये एकदा मिनिटभर बंद पडला, मग पुन्हा सुरू झाला. पेटीत बिघाड आहे का, बाबांना विचार."

 कायतान माझ्याकडे बघायला लागला. मॉड माझ्याकडे बघायला लागली. ह्यांनी डोळे उघडले. तोंडाची डावी बाजू वर गेली, उजवी तिथेच राहिली. मला आधी कळलं नाही हे काय होतंय. हसत होते.

"तेका सांग," म्हणाले, "बिघाड नाय. मिक्सर."

आणि पुन्हा हसले, ठसका लागला, मी पाठीवर हात फिरवला. पाठ गरम होती. इतके महिने रोज त्यांचं अंग पुसते आहे, पाठ गरम असते हे कालच लक्षात आलं.

मग कायतानने विचारलं, "राजेशला आणखी काही कळवायचं?" त्यांनी विचार केला. मला वाटलं आता खांबाचं काढतील. लोखंडावर बोट ठोकलं. कायतानने वाचलं: "चांगलं ऐकलंस." बस, एवढंच. त्याहून जास्त मागू नकोस. लग्नात मलाही इतपतच मिळालं होतं.

बाबांना आता मऊ खायला चालतं. काल गोड मागितलं. शिरा दिला तर म्हणतात घशात बसतो. तुमच्याकडचा खजूर त्यांना आवडायचा, पहिल्या वर्षी तू कुणाच्या तरी हाती पाठवला होतास आणि त्यांनी माझ्यासमोर हात लावला नव्हता. रात्री खाल्ला. सकाळी बिया खिडकीत होत्या.

तर खजूर पाठव. काळा, मऊ, बी काढलेला. बी थुंकायचं त्यांना अजून जमत नाही. तो तुमचा चिकट हलवा नको, टाळूला बसतो. सुका पण नको. आणि कुणाच्या हाती देऊ नकोस, वाटेत निम्मा होतो. पोस्टाने टाकू नकोस, पाघळतो.

आई